भिंतीवरील जिनकथा आणि फलकावरील तुकडे

ज्ञाताधर्मकथा या सहाव्या अंगआगमाच्या आठव्या अध्ययनात एका चित्रकाराची कथा आली आहे. मिथिलेच्या कुंभराजाचा पुत्र मल्लदिन्न याने चित्रसभा बांधविली आणि नगरातील चित्रकारांच्या श्रेणीला ती रंगविण्याचे काम दिले. त्या श्रेणीत एक असा होता की, कोणाच्याही देहाचा एखादा अवयव दृष्टीस पडला तरी त्यावरून तो संपूर्ण आकृती हुबेहूब उतरवीत असे. पडद्याआडून त्याला राजकन्या मल्लीच्या पायाचा अंगठा तेवढा दिसला, आणि त्या अंगठ्यावरून त्याने तिचे संपूर्ण चित्र भिंतीवर रेखिले. पुढे राजकुमार चित्रसभा पाहावयास आला, तो वडील बहीणच समोर उभी आहे असे वाटून लज्जेने मागे सरला. ते चित्र आहे हे दाईने सांगितल्यावर तो इतका संतापला की, चित्रकाराला त्याने वधाची आज्ञा दिली. श्रेणीतील इतर कारागिरांनी गयावया केल्यावर जीव वाचला, परंतु रेखाटणाऱ्या चिमटीला, म्हणजे अंगठा व तर्जनी यांना, तो मुकला आणि त्याला देशत्याग करावा लागला.

मल्ली भगवतींची ही कथा श्वेतांबर परंपरेतील आहे. दिगंबर परंपरा मल्लिनाथांना पुरुष मानते आणि तिची कथा वेगळी आहे. तो भेद येथे चर्चेचा विषय नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेत दुसरेच काही सापडते. आगमाच्या काळात भिंती रंगविणारे कारागीर संघटित होते, त्यांची श्रेणी राजापुढे एकमुखाने बोलू शकत होती, आणि भिंतीवरील चित्र पाहून मनुष्य फसावा इतकी त्यांची विद्या पोहोचली होती, एवढे तर या कथेवरून निश्चित म्हणता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, एका अंगठ्यावरून संपूर्ण आकृती उभी करणे हेच आज आपल्या वाट्याला आलेले काम आहे. प्राचीन जैन भित्तिचित्रांपैकी आपल्या हाती उरले आहेत ते तुकडे. कोठे छताचा कोपरा, कोठे मेघांतून जाणाऱ्या विद्याधराचा हात, कोठे कमळाची अर्धी पाकळी.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर वेरूळला जावे लागते. तेथील क्रमांक ३० ते ३४ ही लेणी जैन असून त्यांचा काळ साधारणपणे नववे-दहावे शतक मानला जातो. यात्रेकरू बहुधा कैलास पाहून दमतात आणि टोकाला असलेल्या या लेण्यांकडे वळेपर्यंत दिवस कललेला असतो. जे वळतात तेही इंद्रसभेतील मातंग यक्ष आणि आम्रवृक्षाखालील अंबिका पाहून परततात. मान वर करून छत न्याहाळणारे थोडे. वास्तविक इंद्रसभा (क्रमांक ३२) व जगन्नाथसभा (क्रमांक ३३) यांच्या वरच्या मजल्यांच्या छतांवर मूळ रंगकामाचे अवशेष अद्यापि आहेत. शतकानुशतकांचा धूर, वटवाघळे आणि पाझर यांतून वाचलेले ते रंग आहेत. वेरूळच्या चित्रांत अजिंठ्याची मृदू, गोलाईची रेषा कमी होऊन नाक टोकदार आणि डोळा रेखीव होऊ लागतो. हाच कल पुढे पश्चिम भारतातील ताडपत्री व कागदी पोथ्यांत, विशेषतः कल्पसूत्राच्या चित्रांत, पूर्णत्वास गेलेला दिसतो. भिंत आणि पोथी यांना जोडणारा सांधा आपल्या महाराष्ट्रात आहे, ही गोष्ट आपल्या समाजात जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही.

तमिळनाडूतील पुदुकोट्टैजवळचे सित्तन्नवासल हे दुसरे स्थळ. नवव्या शतकातील पांड्य राजा श्रीमार श्रीवल्लभ याच्या काळात मदुरैच्या इलन् गौतमन् नामक आचार्याने या गुंफामंदिराचा जीर्णोद्धार केल्याचे तेथील शिलालेखात नमूद आहे. छतावर एक कमळांचे तळे रंगविले आहे. त्यात मासे आहेत, हंस आहेत, हत्ती व म्हशी पाण्यात उतरल्या आहेत, आणि काही पुरुष हातांत कमळे घेऊन उभे आहेत. अभ्यासकांच्या मते हे समवसरणातील खातिकाभूमीचे दृश्य असून कमळे वेचणारे ते भव्य जीव होत. तीर्थंकरांच्या देशनेकडे जाताना वाटेत थबकून फुले गोळा करणारी ही माणसे चित्रकाराने छतासाठी निवडावीत, याचे कौतुक वाटते. सभा पुढेच आहे, पण चित्र वाटेचे आहे.

श्रवणबेळगोळच्या जैन मठातील भित्तिचित्रे या मानाने अर्वाचीन, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील. तरी ती येथे सांगितलीच पाहिजेत. दक्षिण कोकणातून गोमटेश्वराच्या दर्शनास जाणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि मठाच्या भिंतींवरून त्यांची नजर गेलेली असते. त्यांत लेश्यावृक्षाचे चित्र आहे. जांभळीचे झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एक झाड मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा लहान डहाळी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळे, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली उचलू. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल. जीवाच्या परिणामांना रंगांची नावे देणारे दर्शन ज्या समाजाचे आहे, त्या समाजाने रंगविद्येकडे केवळ सजावट म्हणून पाहावे हे विचित्रच म्हणावे लागेल.

आता तुकड्यांचे काय झाले आणि काय करता येईल, या मूळ विषयाकडे येऊ.

भारतीय भित्तिचित्रांच्या नकला करण्याचा इतिहास मोठा दुर्दैवी आहे. अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेस पडली. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे तेथे घालवून मोठमोठी तैलचित्रे तयार केली, ती लंडनला गेली, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक सर्व जळाली. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांतलेच. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात तिसऱ्यांदा हे काम घेतले, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार त्यांच्या मदतीस होते. दरम्यान मूळ भिंतींवरील रंग झडतच होते. ते टिकावेत म्हणून १९२० नंतर निजामाने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांना लाखेचे रोगण दिले. कालांतराने तेच पिवळे पडून काळवंडले आणि पुरातत्त्व खात्याला ते काढण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले. हेतू शुद्ध असूनही हानी होते, याचे हे ठळक उदाहरण.

अजिंठ्याच्या वाट्याला निदान तीन वेळा नकलाकार आले. वेरूळच्या जैन छतांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही.

नकलेत आणखी एक अडचण आहे. जेथे गिलावा गळून पडला आहे तेथे नकलाकाराने काय करावे? रिकामी जागा तशीच सोडली तर चित्र विद्रूप दिसते. भरून काढली तर ती प्राचीन चित्रकाराची न राहता आजच्या माणसाची कल्पना होते, आणि पन्नास वर्षांनी कोणते जुने व कोणते नवे हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मते या प्रश्नाला कोलाज या आधुनिक पद्धतीने दिलेले उत्तर अधिक प्रामाणिक आहे.

कोलाज हा शब्द फ्रेंच. चिकटविणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत ‘चिक्कणितचित्र’ असाही शब्द जाणकार योजतात, परंतु तो रुळला नाही. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने वेताच्या खुर्चीची विणकाम-नक्षी छापलेला मेणकापडाचा तुकडा चित्रावर डकविला आणि त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या नक्षीचा भिंतकागद कापून लावला, तेथून ही पद्धत प्रतिष्ठित कलेत आली असे कलेतिहासाची पुस्तके सांगतात. कागद, कापड, माती, वाळू, धातूचा पत्रा असे नाना पदार्थ एकत्र आले म्हणजे तिला मिश्र माध्यम म्हणतात. भित्तिचित्राशी तिचे नाते केवळ विषयाचे नसून बांधणीचे आहे. भिंत म्हणजे तरी काय? कातळ, त्यावर माती व तुसाचा जाड थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे बारीक तुकडे मिसळलेले आढळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले आहे. किडीपासून व दमटपणापासून भिंत त्यामुळे राखली गेली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. थरावर थर देऊन केलेले चित्र जेव्हा झिजते तेव्हा तेही थरांनीच झिजते. आणि हे झिजणे ब्रशाने रंगविता येत नाही, पण कागद फाडून दाखविता येते.

या संदर्भात शांतिनिकेतनचे विनोदविहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांचे स्मरण होते. नंदलालबाबूंचे हे शिष्य. जन्मापासून दृष्टी अधू असूनही १९४६-४७ साली त्यांनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विस्तीर्ण चित्र रंगविले. पन्नाशीनंतर शस्त्रक्रियेपश्चात त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर ते हातांनी चाचपून रंगीत कागद कापू लागले आणि कोलाज करू लागले. १९७२ साली त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर फरश्यांचे भित्तिचित्रही केले. सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर माहितीपट काढला. भिंतीची विद्या कागदाच्या तुकड्यांत उतरली आणि तेथून परत भिंतीवर चढली, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आपल्याकडे जे. जे.मधून बाहेर पडलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या आरंभीच्या चित्रांवर जैन पोथीचित्रांचा ठसा होता, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. पुढे त्यांनी आकृतीच सोडून दिली.

सिंधुदुर्गात प्राचीन जैन भित्तिचित्रे नाहीत. जैन वस्ती मात्र जुनी आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरने खारेपाटणच्या कर्नाटकी जैनांची व त्यांच्या मंदिराची दखल घेतली असून दक्षिण कोकणातील ते एकमेव जैन मंदिर समजले जाते असे म्हटले आहे. खारेपाटण शिलाहारांच्या काळापासूनचे बंदर. रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा, ताम्रपट तेथेच मिळाला. व्यापारी आले, वसले, परंतु रंगीत भिंत मागे उरली नाही. कोकणच्या पावसात ती उरणेही कठीण. चार महिने भिंतीला ओल, मग खारा वारा. येथे टिकली ती हातात धरून हलविता येणारी चित्रे.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. कागदावर रंगविलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात, त्यांची पोथी होते, आणि एकेक चित्र उलटीत टाळ, हुडुक व वीणा यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान सांगितले जाते. अशी पुष्कळ चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असून ती बराच काळ ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली गेली. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे जिल्ह्यातील सर्वांना माहीत आहेच. जैन वाचकाने मात्र येथे थोडे थांबावे. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात मंखलिपुत्र गोशालकाची जन्मकथा आहे. त्याचा पिता मंखली हा ‘मंख’ होता, हातात चित्रफलक घेऊन गावोगाव फिरणारा. चित्र दाखवून पोट भरणाऱ्यांचा भारतीय वाङ्मयातील हा फार जुना उल्लेख होय आणि तो आपल्या आगमात आहे. पुढे शके ७०० मध्ये उद्योतनसूरींनी पूर्ण केलेल्या कुवलयमालेत तर संसारचक्राचा चित्रपट समोर धरून श्रोत्याला वैराग्याचा उपदेश केल्याचे सविस्तर वर्णन आले आहे. (मरहट्ट लोकांच्या बोलण्याचा नमुना देणारा म्हणून मराठीचे अभ्यासक ज्या ग्रंथाचा वारंवार हवाला देतात, तो हाच.) मंखलीपासून पिंगुळीपर्यंत सरळ वंशावळ कोणी दाखवू शकणार नाही. पण आज सिंधुदुर्गात जी कला आपल्या शेजारी नांदते आहे, तिचा पूर्वज आपल्या ग्रंथांत वावरतो, हे नाते सांगण्यासारखे आहे.

सावंतवाडीची गंजिफाही थरांचीच कला. चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटविलेले थर, त्यावर खडूचा लेप, घोटाई, रंग आणि शेवटी लाखेची झिलई. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांचा संच करणे हे जिकिरीचे काम बंद पडण्याच्या बेतास आले असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ते पुन्हा सुरू केले. आणि गोव्याकडे गेल्यास मंदिरांच्या भिंतींवर काव कला दिसते. पांढऱ्या चुन्यावर हुरमुंजीचा तांबडा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतील पांढऱ्यातून नक्षी काढावयाची. एक थर लावण्याची कला, एक थर काढण्याची. ज्याला भित्तिचित्रावरून कोलाज करावयाचे आहे त्याने ही दोन्ही कामे एकदा जवळून पाहावीत. मुंबईच्या कलादालनात जाण्यापूर्वी पाहावीत, असे आमचे मत.

आता साहित्याविषयी, कारण जैन हाताला येथे खरी अडचण येते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात भिंत तयार करण्याची कृती दिली आहे. तीत वज्रलेप नावाचा पदार्थ येतो. तो म्हशीचे ताजे कातडे पाण्यात शिजवून काढलेला सरस होय. तोच पांढऱ्या मातीत मिसळून भिंतीला द्यावयाचा. ज्या मंदिरांतून अहिंसेचा उद्घोष झाला त्यांच्याही भिंतींवर हा सरस असेल काय, हा प्रश्न मनाला अस्वस्थ करतो. प्राचीनांचा न्याय आपण करू नये हे खरे, पण आज जो नवा फलक करणार आहे त्याला निवड आहे, आणि ती त्याने डोळसपणे करावी. सरसाऐवजी बाभळीचा डिंक किंवा चिंचोक्याची खळ वापरता येते. फेव्हिकॉलसारखा कृत्रिम गोंद घेतला तरी हरकत नाही. लाख किड्यापासून होते, रेशीमही तसेच. म्हणून झिलईसाठी कृत्रिम रोगण आणि कापडासाठी जुने सुती धोतर बरे. खारीच्या केसांचे कुंचले टाळावेत. चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्याच्या पडद्यांत ठेवून कुटण्याची जुनी रीत सर्वश्रुत आहे, तेव्हा चौकशी केल्यावाचून तो लावू नये. सोनेरी कागदाने काम भागते. आपल्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना पूर्वापार चालत आला आहे. त्याचा रंग सुरेख येतो यात शंका नाही, परंतु आम्ही दगडी चुना सुचवू. झाडाची हिरवी पाने न तोडता वाळून गळलेली घ्यावीत. लेश्यावृक्षाखालच्या सहाव्या वाटसरूची रीत हीच.

एवढे वगळल्यावर उरते काय, असे कोणी विचारील. पुष्कळ उरते. चिऱ्याच्या खाणीतील तांबडी भुकटी, रेडीच्या खनिजाची काळसर लाल माती, कासार्ड्याची पांढरी वाळू, करवंटीचा कोळसा, भाताचे तूस, नारळाचा काथ्या, पोफळीच्या झावळीची विरी. अजिंठ्याच्या चित्रकारांची रंगपेटी तरी याहून फार मोठी नव्हती. तांबडी व पिवळी काव, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, आणि परदेशातून येणारा लाजवर्दाचा निळा. हळद व रातांब्याचा रंग मोहक असला तरी उन्हात उडतो, म्हणून तो वापरणे शहाणपणाचे नाही. मातीचे रंग उडत नाहीत.

कृती थोडक्यात अशी. प्लायवूडच्या फळीवर जुने सुती कापड खळीने ताणून चिकटवावे. वाळल्यावर चाळलेली माती, बारीक तूस व डिंकाचे पाणी यांचा जाडसर लेप द्यावा. तो सावलीत सुकू द्यावा. भेगा पडल्या तर पडू द्याव्यात, त्या बुजविण्याची घाई करू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग मूळ भित्तिचित्राच्या छायाचित्रावरून मुख्य रेषा उतरवून घ्याव्यात आणि ज्या भागाचे चित्र प्रत्यक्ष शिल्लक आहे तेवढ्याच भागावर रंगीत कागद, कापड, वाळू यांचे तुकडे बसवावेत. कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेली कड गळलेल्या गिलाव्यासारखी दिसते. शेवटी काजळीने रेषा. जेथे मूळ चित्र नष्ट झाले आहे तेथे माती उघडी ठेवावी. खळीला आपल्याकडील पावसाळ्यात बुरशी धरते. जुने पुस्तकबांधणीवाले तीत चिमूटभर मोरचूद घालीत, ते जीवोत्पत्ती होऊ नये याच हेतूने. मुलांचे हात असतील तेथे मोरचूद नको, कारण ते विषारी आहे. तेथे खळ रोजच्या रोज ताजी करावी.

यावर समाजातून एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तीर्थंकरांची आकृती तुकड्यांनी जोडणे, तिच्यासाठी कागद फाडणे, ही आशातना नव्हे काय? आमचे स्पष्ट मत असे की, जिनप्रतिमा कोलाजात घेऊच नये. विषयांना तोटा नाही. सित्तन्नवासलचे तळे आहे, मेघांतील विद्याधर आहेत, मातेची चौदा किंवा सोळा स्वप्ने आहेत, लेश्यावृक्ष आहे. चित्रकाराने वाटेवरच थांबावे. मात्र याच निमित्ताने एक गोष्ट बोलून दाखविणे भाग आहे. आपल्या घरोघरी लग्नपत्रिका, महोत्सवाच्या आमंत्रणपत्रिका आणि दिनदर्शिका यांवर भगवंतांची चित्रे छापलेली असतात. वर्ष सरल्यावर त्यांचे काय होते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. जो समाज रद्दीत गेलेल्या छायाचित्राबद्दल फारसे बोलत नाही, त्याने कोलाजाच्या नावाने भुवया उंचावणे आम्हांस पटत नाही. चित्राच्या द्वारे भाव जागविणे आपल्या परंपरेला परके नाही. कार्तिकी पौर्णिमेस ज्यांना शत्रुंजयावर जाता येत नाही ते श्रावक शत्रुंजयाच्या पटासमोर वंदना करतात. तो पट कापडाचा असतो आणि गिरिराज त्यावर रंगविलेला असतो. चातुर्मासासाठी मुनिराजांना पाठविलेली विज्ञप्तिपत्रे कागदाला कागद जोडून हातच्या हात लांब केलेली असत. १६१० सालचे आग्र्याचे विज्ञप्तिपत्र उस्ताद शालिवाहनाने चितारले आहे. आंगी, छोड, चंदरवा, विधानाचे मंडल, या सर्वांत नाना पदार्थ एकत्र येतातच.

कोलाजाहून मोठी आशातना जीर्णोद्धाराच्या नावाखाली घडते, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. जुन्या मंदिरांतील रंगीत भिंती व लाकडी छते काढून तेथे संगमरवर आणि चकचकीत फरशी बसविण्याची हौस गेल्या काही दशकांत सर्वत्र वाढली आहे. दात्यांचा भाव निर्मळ असतो. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने काढलेला मेरुपर्वत एका दुपारी चुन्याखाली जातो आणि त्याचे साधे छायाचित्रही कोणाजवळ राहत नाही. इलन् गौतमन् आचार्याने केला तोही जीर्णोद्धारच होता, आणि त्याने छतावर तळे फुलविले. ज्या विश्वस्तांपुढे असे काम येईल त्यांनी भिंतीला हात लावण्यापूर्वी निदान तीन गोष्टी कराव्यात. चांगल्या उजेडात प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, पारदर्शक कागदावर रेषांचा ठसा उतरवावा, आणि पुरातत्त्व खाते किंवा इंटॅक यांच्या जाणकारास एकदा बोलावून दाखवावे. ओल्या फडक्याने पुसणे किंवा वॉर्निश मारणे असले घरगुती उपाय करू नयेत. अजिंठ्याचे उदाहरण वर दिलेच आहे.

पाठशाळेतील मुलांकडून असे फलक करवून घेतल्यास ते कोठे व कसे ठेवावेत, हाही विचार हवा. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूची भिंत टाळावी, फळी व भिंत यांत बोटभर अंतर ठेवावे आणि मागे वेखंडाची पुरचुंडी बांधावी. ग्रंथभांडारांत घोडावज म्हणून तीच ठेवीत. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला पोथ्या झटकून पुसल्या जातात, तेव्हा हे फलकही उतरवून पाहावेत.

आणि फलकाच्या पाठीवर पुष्पिका लिहावी. आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनाचे वर्ष, गाव, लिहिणाऱ्याचे व लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे नाव असे, म्हणूनच जैन पोथीचित्रांचा इतिहास आज सालवारीने लिहिता येतो. भिंती रंगविणाऱ्यांची नावे मात्र जवळजवळ कोठेच नाहीत. वेरूळच्या छतावरील तो विद्याधर कोणी काढला हे कोणी सांगू शकणार नाही. तेव्हा मूळ चित्र कोणत्या स्थळाचे, कोणत्या छायाचित्रावरून घेतले, त्यातील कोणता भाग नष्ट झालेला म्हणून रिकामा ठेवला, माती कोठली, कागद कोठला, मुलांची नावे, गाव, वीर निर्वाण संवत व इसवी सन, एवढे शाईने लिहून त्यावर पातळ कागद चिकटवावा.